दारी

रविवारी सहाला, जांबोटी क्रॉसवर,
ज्याच्या त्याच्या सायकलला काहीतरी बांधलेलं.
भरमाण्णाचं खोरं, ईरण्णाचा कोयता,
जुझेच्या कॅरियरला दोन रिकाम्या बुट्ट्या.
माझ्या पिशवीत चिरमुरे नि खोबरं,
गुडघ्यामुळं मला जड काही उचलू देत नाहीत.

सदतीस वर्षं मी सर्वे खात्यात साखळी धरली.
बांध मोजले. भावाभावांतलं वीतभर अंतर मोजलं.
दगड रोवले, आणि रातोरात सरकलेले पाहिले.
ही वाट कुठल्याच कागदावर नाही.
मी शोधली आहे.
गव्यांना तेवढी पाठ,
आणि आता शहरातल्या त्या पोरांना,
जी अंगाला चिकटलेले कपडे घालून
टेकडीवरून सुसाट सुटतात
नि आम्हालाच म्हणतात, "अंकल, साइड!"
त्यातली एक थांबली, हलगेकरांची तनुजा.
पुढच्या रविवारी नवे हातमोजे घालून आली
आणि दहा वाजेपर्यंत फोड मोजत बसली.
त्याच्या पुढच्या रविवारीही आली.

पावसाळा सरला की वाट वाट राहत नाही,
ओढा झालेली असते.
जांभ्याची हाडं वर आलेली,
रानमोडीनं दोन्हीकडून हातात हात घातलेला.
काम सोपं आहे, सांगायला.
पाण्याला आडवं जायचं नाही.
तिरका चर मारून त्याला वाटेवरून उतरवायचं,
प्यायलेल्या पाव्हण्याला
गोड बोलून एसटीत बसवतात तसं.
दगडाचं पोट मातीत गेलं पाहिजे.
ते ईरण्णाकडं. तो गवंडी, कित्तूरकडचा.
दगड बसवला की त्यावर उभा राहून अंग हलवतो.
दगड बोलला नाही, तर पुढं सरकतो.

पहिल्या वर्षी झाडीत शिरताना त्यानं विचारलं,
"दारी एल्लैती?"
भरमाण्णा म्हणाला, "दारी? दारी कुत्रं हाय,
खरं चावत नाही."
जुझे हसून हसून बुट्टीत बसला.
कानडीत दारी म्हणजे वाट.
मी हा शब्द सदतीस वर्षं रजिस्टरात लिहिला,
कालुदारी, बंडीदारी, तुटक रेघ, ठिपक्यांची रेघ,
आणि त्यात उंबरा आहे
हे मला त्या दिवशी ऐकू आलं.

मग कुणीतरी सागाची फळी दिली,
बोर्ड करा म्हणून.
तीन रविवार चर पडला नाही.
वर कुठली लिपी, खाली कुठली,
अक्षरं समान उंचीची की पहिली बोटभर मोठी.
भरमाण्णा त्याच्या आज्ज्याच्या काळावर गेला,
ईरण्णा सरकारी नियमावर.
मला विचारलं, तू मोजणारा, तू सांग.
मी गुडघा चोळत राहिलो.
चौथ्या रविवारी ईरण्णा आला नाही.
पाचव्या रविवारीही नाही.
आम्ही दगड लावले, ते सगळे बोलले.

त्याच आठवड्यात अवकाळी कोसळला
आणि वरच्या ओढ्यावरच्या पायरीचे दगड
खालच्या शेतात जाऊन पडले.
पलीकडं जायला काही नव्हतं.
जुझेनं कुणाला विचारलं नाही.
फळी घेतली, कोरीच होती,
नि ओढ्यावर आडवी टाकली.
रंगाचा डबा माझ्या खाटेखाली आहे,
झाकण आता निघत नाही.

काल ईरण्णा आला. काही बोलला नाही.
फळीवर टायरचे ओले पट्टे होते
आणि एक अनवाणी पाऊल, लहान मुलाचं.
तो मधोमध जाऊन उभा राहिला,
अंग हलवलं.
फळी बोलली.
भरमाण्णानं वाकून एका टोकाखाली
चपटा दगड सारला.